काकूंची बीपीची वही

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या महिन्यात घरी बीपी मोजायचं मशीन आणलं. वय एकसष्ट, कसलीही गोळी चालू नाही, सकाळी पर्वती चढून येण्याचा नेम. आठवडा झाल्यावर त्या एक वही घेऊन आमच्याकडे आल्या. सोमवारच्या पानावर लिहिलं होतं: उठल्यावर १३४/८४. पर्वतीहून आल्या आल्या १५२/७८. जेवून तासाभरानं ११२/६८. लेकीचा फोन चालू असताना १४४/८८. रात्री झोपायच्या आधी ११८/७२.

"अगं, यातलं माझं बीपी कुठलं?" त्यांनी विचारलं. चेहरा उतरलेला होता. पाच आकडे, पाचही वेगळे, म्हणजे एकतर मशीन बिघडलंय किंवा आपण, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मी पंधरा वर्षं नर्सिंगच्या मुलींना शरीराचं कामकाज शिकवते. घरोघरी मशीनं आल्यापासून हा प्रश्न मला जिन्यात, भाजीच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो. काकूंना मी म्हटलं, "पाचही तुमचंच." आणि मग चहा ठेवला, कारण हे दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं नव्हतं.

आधी आकड्यांचं. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर फेकतं तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर जो सगळ्यात जास्त दाब येतो तो 'वरचा', आणि दोन ठोक्यांच्या मधे उतरत उतरत जिथपर्यंत येतो तो 'खालचा'. १२० म्हणजे १२० मिलिमीटर उंचीचा पारा तोलून धरेल एवढा जोर. हा जोर दोन गोष्टींनी ठरतो: हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं (स्वस्थ बसलेल्या माणसात साधारण पाच लिटर), आणि पुढच्या नळ्या किती आवळलेल्या आहेत. पेठेत राहणाऱ्याला हे लगेच समजतं. टाकी तीच, पाणी तेवढंच, पण गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह किती फिरवलाय यावर आपल्या नळाची धार ठरते. शरीरात हे व्हॉल्व्ह म्हणजे धमनिका. धमन्यांचे हे शेवटचे बारीक फाटे, आणि त्यांच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. नळी थोडीशी आवळली तरी फरक प्रचंड पडतो. धमनिकेची रुंदी फक्त सहाव्या हिश्श्यानं कमी झाली तर रक्ताला होणारा अडथळा जवळजवळ दुप्पट होतो. रुंदी निम्मी झाली तर सोळापट.

आता चहाचा कप खाली ठेवून काकू उभ्या राहिल्या आणि काही वेळानं परत बसल्या. त्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या शरीरात जे घडलं ते मला दरवर्षी शिकवताना नव्यानं आवडतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

माणूस उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त आपल्या वजनानं पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते कुठे सांडलेलं नसतं, शिरा ताणून तिथंच साचतं. पण तेवढं रक्त हृदयाकडे परत येत नाही, आणि जे आत आलंच नाही ते हृदय बाहेर फेकू शकत नाही. दाब घसरायला लागतो. त्यातून मेंदू आता हृदयापेक्षा वीतभर वर गेलेला असतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचणारा दाब आणखी कमी. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर सात-आठ सेकंदांत शुद्ध जाते. म्हणजे वेळ अगदी थोडा आहे.

जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेत नाडी लागते तिथं, डोक्याकडे जाणारी मोठी धमनी दोन फाट्यांत विभागते. त्या फाट्यावर भिंत जराशी फुगीर आणि पातळ असते आणि तिच्यात चेतातंतूंची टोकं विणलेली असतात. तशीच टोकं हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही असतात. भिंत ताणली गेली की ही टोकं मेंदूकडे संदेशांचा पाऊस पाडतात. दाब उतरला की ती आरडाओरडा करत नाहीत, उलट गप्प होत जातात, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला ती शांतताच निरोप म्हणून कळते. (मानेच्या दोन्ही बाजू एकदम दाबून नाडी बघू नये ती याचसाठी. दाब वाढल्याचा खोटा निरोप जातो आणि चक्कर येऊ शकते.)

लंबमज्जा दोन कामं करते. हृदयावरचा लगाम सैल करते, हे इतक्या झटपट होतं की पुढचाच ठोका लवकर पडतो. आणि धमनिका व पोटातल्या शिरा आवळायला सांगते, याला काही सेकंद लागतात. त्यामुळे उभं राहिल्यावर साधारण दहाव्या सेकंदाला दाब सगळ्यात खाली असतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सावरलेला असतो. खालून झटकन उठल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते ना, ती या मधल्या फटीत. घरच्या मशीनचा पट्टा फुगून उतरेपर्यंत हे सगळं होऊनही गेलेलं असतं, म्हणून ते त्यात कधी दिसत नाही.

हा सगळा कारभार ज्या यंत्रणेचा, तिला आपल्या पाठ्यपुस्तकात स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. हे नाव केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १८९८ मध्ये सुचवलं. तिच्या दोन शाखा, अनुकंपी आणि परानुकंपी, शाळेत पाठ केलेल्या असतात. 'अनुकंपी' हा शब्द मला आवडतो. शरीरातल्या एका अवयवाला दुखलं की दुसरा हेलावतो, त्यांच्यात अनुकंपा असते, अशी फार जुनी समजूत होती, तिचा धागा या नावात राहिलाय.

या दोन शाखा शिकवताना गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक असं सांगायची पद्धत आहे. हृदयापुरतं ते चालतं. हृदय स्वतःच्या लयीत सोडलं तर मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतं. हृदयरोपण झालेल्या माणसाची विश्रांतीतली नाडी म्हणूनच नव्वद-शंभरच्या घरात असते, कारण नव्या हृदयाला चेता जोडलेल्या नसतात. आपली नाडी सत्तर असते ती परानुकंपी शाखेतल्या व्हेगस चेतेनं सतत धरून ठेवल्यामुळे. हा लगाम रासायनिक असतो हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस उद्दीपित करून ते मंदावलं आणि त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. त्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलीन. पुढे १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पण रक्तवाहिन्यांना ब्रेक-ॲक्सिलरेटरची ही उपमा लावली की घोटाळा होतो, आणि बीपीबद्दलचे निम्मे गैरसमज इथून निघतात असं माझं मत आहे. शरीरातल्या बहुतेक रक्तवाहिन्यांना परानुकंपी शाखेचा तंतूच नसतो. त्यांच्यावर एकच हात असतो, अनुकंपीचा, आणि तो दिवसरात्र थोडासा आवळलेला असतो. जास्त आवळला की दाब वाढतो, सैल सोडला की उतरतो. म्हणजे 'अनुकंपी म्हणजे फक्त संकटात जागी होणारी' हे खरं नाही. ती तुम्ही टीव्हीसमोर पाय पसरून बसला असलात तरी कामावर असते. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन सिझेरियन झालेल्या बायकांना याचा अनुभव असतो. त्या इंजेक्शननं कमरेखालच्या संवेदनांबरोबर अनुकंपी तंतूही बधिर होतात, खालच्या रक्तवाहिन्या ढिल्या पडतात आणि बीपी खाली येतं. भूल देणारे डॉक्टर आधीच सलाइन आणि औषध हाताशी ठेवून असतात ते त्यासाठी.

काकूंना हे ऐकून त्यांचं स्वतःचं बाळंतपण आठवलं. "मला तेव्हा एकदम गार पडल्यासारखं झालं होतं," त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षांनी त्यांना कारण कळलं.

मग आम्ही वहीकडे वळलो. पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या चढताना मांड्यांना रक्त भरपूर लागतं. हृदय जोरात आणि वेगानं चालतं, म्हणून वरचा आकडा चढतो. पण काम करणाऱ्या स्नायूंतल्या धमनिका उघडतात, म्हणून खालचा फारसा हलत नाही, कधी थोडा उतरतोही. काकूंचे १५२/७८ म्हणजे चढून आलेल्या निरोगी शरीराचं चित्र आहे. एरवी १५२ झाल्यावर मानेतल्या त्या टोकांनी दाब खाली ओढायला हवा होता, मग त्यांनी तसं का केलं नाही? कारण चढायचं ठरवल्याबरोबर मेंदू स्नायूंना हुकूम देतानाच लंबमज्जेलाही कळवतो की आता थोडा वरचा दाब योग्य धर. पहिल्या पायरीवर पाऊल पडायच्या आधीच नाडी वाढायला लागते.

श्वास रोखून जड वस्तू उचलण्याचं गणित याहून वेगळं आहे. तिथं ताठरलेले स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या चेपतात, छातीतला दाब वाढतो, आणि दोन्ही आकडे चढतात. कॅनडातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये कसलेल्या तरुणांच्या धमनीत नळी घालून ते पायांनी वजन रेटत असताना मोजलं, तेव्हा एकाचा दाब ४८०/३५० पर्यंत गेलेला दिसला, आणि वजन सोडल्यावर काही सेकंदांत खाली आला. भरलेला गॅस सिलिंडर सरकवताना श्वास रोखू नका असं मी घरात सगळ्यांना सांगते ते हा आकडा वाचल्यापासून.

जेवणानंतरचे ११२? पोटाकडे रक्त वळतं, तिथल्या वाहिन्या उघडतात, आणि बाकीचं शरीर तेवढं आवळून घेतं. उतारवयात ही आवळण्याची तत्परता थोडी कमी होते. आजोबा पोटभर जेवून लगेच उठले की त्यांना आधार द्यावा लागतो, त्याचं एक कारण हे. रात्री झोपेत दाब दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो आणि पहाटे उठण्याच्या सुमारास परत चढतो. त्यामुळे उठल्यावरचे १३४ आणि झोपतानाचे ११८ हे एकाच दिवसाच्या चढउतारात बसतात.

फोनवरच्या १४४ वर काकू मात्र अडून बसल्या. "नुसतं बोलत तर होते!" नुसतं बोलण्यानंही दाब वाढतो, आणि लेक परदेशात असेल, तिची नोकरी डळमळीत असेल, तर जास्तच. इतिहासात जनावराचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला त्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानं एक घोडी आडवी पाडून, बांधून, तिच्या मांडीतल्या धमनीला काचेची उंच नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलं. १७३३ मध्ये त्यानं ते छापलं. पाऱ्याच्या हिशेबात हे १९० च्या आसपास जातं. शांत उभ्या घोडीचा दाब एवढा नसतो. पहिलंच मोजमाप एका भेदरलेल्या जिवाचं होतं. १९८३ मध्ये इटलीत रुग्णालयातल्या माणसांच्या धमनीत नळी ठेवून बघितलं, तर डॉक्टर खाटेपाशी आल्याबरोबर वरचा आकडा सरासरी सत्तावीसनं वाढत होता. मोजणारं माणूस समोर आलं की आपली अनुकंपी शाखा त्याचीही दखल घेते.

याच यंत्रणेचा तोल उलट्या बाजूला गेला की माणूस घेरी येऊन पडतं, आणि गणपतीच्या दिवसांत पुण्यात हे हमखास दिसतं. पथकातली मुलं-मुली पाचसहा तास ढोल कमरेला बांधून उभी असतात. नाचताना-वाजवताना काही होत नाही, कारण पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला शिरांमधलं रक्त वर पिळून देत असतात. त्रास होतो तो चौकात मिरवणूक थांबल्यावर. ऊन, घाम, उपाशी पोट, त्वचेच्या वाहिन्या उघडलेल्या, रक्त पायात उतरलेलं, आणि पावलं स्थिर. काही वेळ अनुकंपी शाखा आवळून धरते. मग एका क्षणी ती एकदम हात सोडते, त्याच वेळी व्हेगस हृदयाला मंदावते, आणि माणूस कोसळतं. आधी सूचना मिळते: मळमळ, जांभई, कानात घूं, चेहरा पांढरा, थंड घाम. तेवढ्यात पाय एकमेकांत अडकवून मांड्या आवळल्या किंवा मुठी घट्ट वळल्या तर पुष्कळदा पडणं टळतं. सगळ्यात चांगलं म्हणजे तिथंच खाली बसावं.

आणि एक कळकळीनं सांगते. पडलेल्या माणसाला चारजणांनी धरून उभं करू नका, खुर्चीतही बसवू नका. आडवं होणं हाच त्याचा इलाज आहे, शरीरानं तो स्वतःच करून घेतलेला असतो. आडवं राहू द्या, पाय उचलून धरा, गर्दी हटवा. कांदा शोधत धावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. मिनिटाभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, किंवा पळताना-वाजवताना ऐन श्रमात माणूस पडलं असेल, तर ती साधी घेरी समजू नये, सरळ दवाखाना गाठावा. रक्तदान करणाऱ्यांनी आधी अर्धा लिटर पाणी प्यावं, त्यानं घेरी येण्याचं प्रमाण कमी होतं.

इथपर्यंत ऐकून काकूंनी जो प्रश्न विचारला तो माझ्या वर्गात वर्षातून एखादीच मुलगी विचारते. "मग दाब सारखा सांभाळायला एवढी माणसं बसवलीत तर लोकांना बीपीचा आजार होतोच कसा?"

याचं उत्तर शोधायला अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात आर्थर गायटन यांच्या गटानं १९७३ मध्ये कुत्र्यांवर एक प्रयोग केला. मानेतल्या आणि महाधमनीवरच्या त्या दाब ओळखणाऱ्या टोकांच्या चेता कापल्या आणि नंतर दिवसरात्र दाब नोंदवला. अपेक्षा अशी होती की पहारेकरीच गेल्यावर दाब कायमचा वर जाईल. तसं झालं नाही. चोवीस तासांची सरासरी जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. बदललं ते एवढंच की दाब दिवसभर रानोमाळ भटकायला लागला, कुत्रं उठलं की धाडकन खाली, दचकलं की भलताच वर. म्हणजे मानेतला पहारेकरी सेकंदा-सेकंदाचे हेलकावे आवरतो. सरासरी कुठे असावी हे मुख्यतः मूत्रपिंडं ठरवतात, शरीरात मीठ आणि पाणी किती ठेवायचं त्यावरून, तासातासांच्या आणि दिवसादिवसांच्या संथ हिशेबानं. आणि सरासरी काही दिवस वरच राहिली तर मानेतली टोकं तिलाच नेहमीची मानून घेतात, तक्रार करत नाहीत. म्हणून वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवत नाही. 'मला काही होत नाही' हे वाक्य त्याबाबतीत कसलाच पुरावा नाही. अनुकंपीचे तंतू मूत्रपिंडांतही जातात, तेव्हा दोन्ही खाती अगदी तुटक नाहीत, पण काकूंच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेसं होतं.

तर मग वहीत काय लिहायचं? आजाराचा निर्णय सरासरीवर करायचा असतो, आणि सरासरीसाठी हेलकावे शक्य तितके बाहेर ठेवून मोजायचं असतं. लघवीला जाऊन यायचं. चहा आणि चालणं आधीचा अर्धा तास नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, मांडी नाही, पायावर पाय नाही. दंडावरचा पट्टा कपड्यावरून बांधायचा नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. हात तेरा सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर आकडा दहानं जास्त दिसतो, एवढा फरक नुसत्या हाताच्या जागेनं पडतो. मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. ती १३५/८५ किंवा त्याहून वर आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे. एखाद्याच मोजमापावर स्वतःची गोळी सुरू करायची नाही आणि चालू असलेली बंदही करायची नाही.

काकूंना प्राणायामाचं विचारायचं होतंच. त्यांना मी मनगटावरची नाडी धरून सावकाश श्वास घ्यायला सांगितला. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळजवळ येतात, बाहेर सोडताना लांबतात. व्हेगसचा लगाम सोडणं आणि ओढणं असं बोटाखाली कळतं. तरुणांत जास्त स्पष्ट, पण काकूंनाही कळलं. दाबात साधारण दर दहा सेकंदांनी एक हलकी लाट येत असते. श्वास मिनिटाला सहा झाला की त्याची लय या लाटेशी जुळते आणि मानेतल्या पहारेकऱ्याचा प्रतिसाद तेवढ्यापुरता तल्लख होतो. २००१ मध्ये इटलीत तेवीस निरोगी माणसांवर हे पाहिलं गेलं. लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणताना, दोन्ही वेळा त्यांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. आपल्या शेजारी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, तेव्हापासून तिथं आसन-प्राणायामाचा शरीरावरचा परिणाम यंत्रांनी मोजला जातोय, ही मला पुण्याच्या परिसरातली फार मोलाची गोष्ट वाटते. संथ श्वसनानं दाब थोडा उतरतो, मन निवतं, करावंच. पण ज्यांना गोळी लागते त्यांच्या गोळीची जागा ते घेत नाही.

परवा काकू परत आल्या. वहीत आता 'काय करत होते' असा एक रकाना आखलाय. सात दिवसांची सरासरी १२२/७६. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःहून एक जास्तीची नोंद केली होती: पाच मिनिटं आडवं पडून १२४/७४, नाडी ६८. उभं राहून एक मिनिटानं १२१/७९, नाडी ८०.

"वरचं उतरलं, खालचं वाढलं, नाडी बारानं वाढली," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "नळ्या आवळल्या म्हणून खालचं वाढलं ना?"

"हो. आणि वरचं वीसनं किंवा खालचं दहानं उतरलं असतं, तर मीच तुम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेले असते."

त्यांनी ते वाक्यही वहीत, समासात लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ह्यांचंही घेते आता झोपून-उठून. रात्री बाथरूमला जाताना भिंत धरतात."

"आजच घ्या," मी म्हटलं.